सरहद्दीचे पुरातत्त्व : ऱ्हाइनपासून पंचगंगेपर्यंत

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्याची लष्करी सरहद्द तीन खंडांतून जात होती. ब्रिटनच्या उत्तरेला ती दगडी भिंत होती. जर्मनीत तिला लाकडी मेढेकोट आणि खंदक होते. डॅन्यूब आणि युफ्रेटिसच्या काठी नदीच सीमा मानली जाई, आणि सीरिया, अरबस्तान व उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात विहिरी राखणारी ठाणी तिचे काम करीत. त्याच सुमारास दख्खनमध्येही एक सरहद्द धगधगत होती. एका बाजूला गुजरात-माळव्याचे क्षत्रप होते, दुसऱ्या बाजूला सातवाहन. नाशिक, जुन्नर, कल्याण, विदर्भ हा पट्टा कधी याच्या तर कधी त्याच्या ताब्यात जाई. या दोन सरहद्दींत समुद्र होता, आणि त्या समुद्रावरून जहाजे ये-जा करीत होती. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरी टेकडी ही दोन्हींचा अभ्यास जिथे एकत्र येतो अशी जागा आहे.

रोमची सरहद्द आधी समजून घ्यावी लागते, कारण जगात तिच्याइतकी खणली गेलेली दुसरी प्राचीन सरहद्द नाही. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमन सैन्य ऱ्हाइन ओलांडून एल्बेपर्यंत पोहोचले होते. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या अरण्यात तीन लिजन नष्ट झाल्या आणि सेना ऱ्हाइनवर परतली. पुढची शंभर वर्षे कायमच्या छावण्या, त्यांना जोडणारे रस्ते आणि टेहळणीचे मनोरे असे हळूहळू घडत गेले. इ.स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियन ब्रिटनला गेला आणि टाइन नदीपासून सॉल्वेच्या खाडीपर्यंत सुमारे ११७ किलोमीटर लांबीच्या भिंतीचे काम सुरू झाले. दर रोमन मैलावर एक छोटी गढी, दोन गढ्यांमध्ये दोन मनोरे, आणि काही अंतरावर मोठे किल्ले अशी तिची मांडणी होती. त्याच्यानंतरच्या अँटोनायनस पायसने १४२ च्या सुमारास आणखी उत्तरेला हिरवळीच्या मातीची दुसरी भिंत घातली. ती वीसेक वर्षांतच सोडून दिली गेली. जर्मनीतली सरहद्द सुमारे ५५० किलोमीटर लांब होती. तिचा एक भाग डोंगर-दऱ्यांची पर्वा न करता ऐंशी किलोमीटर सरळ रेषेत जातो. शत्रू अडवायचा असता तर ती डोंगरधारेने गेली असती. इतकी सरळ रेषा आखण्यामागे सत्ता दाखवण्याचा हेतू संरक्षणाच्या हेतूपेक्षा लहान नसावा.

या अवशेषांकडे पाहण्याची दृष्टी दीडशे वर्षांत पार बदलली. १८९२ मध्ये थिओडोर मोमसेन यांच्या पुढाकाराने जर्मनीत सरहद्दीच्या संशोधनासाठी शाही आयोग नेमला गेला आणि किल्ल्यांमागून किल्ले नोंदवले गेले. पहिल्या महायुद्धानंतर विमाने आली. अँतुआन प्वादबार यांनी सीरियाच्या वाळवंटावरून उडत रोमन रस्ते आणि ठाणी टिपली आणि १९३४ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. जाँ बारादे यांनी अल्जीरियातले खंदक तसेच शोधले. १९७६ मध्ये एडवर्ड लुटवाक यांनी सरहद्दीची ही सगळी मांडणी एका सुविचारित संरक्षणनीतीची पायरी-पायरीने झालेली वाढ म्हणून मांडली. बेंजामिन आयझॅक आणि सी. आर. व्हिटेकर यांनी त्याला हरकत घेतली. जमिनीवरचा पुरावा पाहिला तर ठाणी बहुतेक वेळा बाहेरच्या शत्रूकडे तोंड करून उभी नाहीत, ती रस्त्यांवर आणि पाण्यावर आहेत. सरहद्द म्हणजे दोन्ही बाजूंच्या माणसांची वर्दळ असलेला रुंद पट्टा होता, असे त्यांचे म्हणणे. हा वाद पुरता मिटलेला नाही, तरी पुराव्याचे पारडे दुसऱ्या बाजूला झुकलेले दिसते. हेड्रियनच्या भिंतीतल्या प्रत्येक गढीला दोन्हीकडे दरवाजे होते, ही एक गोष्टही त्यासाठी पुरेशी बोलकी आहे. केवळ अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीला मैलामैलावर दरवाजे कशाला हवेत?

छावण्यांतल्या लिखाणाने तर हे चित्र माणसांनी भरून टाकले. १९७३ पासून विंडोलँडा येथे पोस्टकार्डाएवढ्या लाकडी फळ्या सापडू लागल्या. इ.स. १०० च्या आसपासच्या या फळ्यांत एका अधिकाऱ्याच्या पत्नीने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावले आहे, आणि एका तुकडीची हजेरीही आहे. हजेरीत ७५२ जणांपैकी ४५६ जण ठाण्यावर नाहीत. कुणी दुसऱ्या ठाण्यावर, कुणी कामगिरीवर. सरहद्दीवरचा किल्ला म्हणजे सैनिकांनी गच्च भरलेली जागा, ही समजूत त्या एका फळीने मोडली. लिबियातल्या बू नजेम या ठाण्यातील खापरांवर तिसऱ्या शतकातल्या रोजच्या नोंदी आहेत: गारामांतेस लोक जव घेऊन आले, बरोबर खेचरे आणि गाढवे. कोण आला, काय आणले, किती जनावरे. सरहद्दीचे रोजचे काम हेच होते. लढाई क्वचित; तपासणी रोज.

हीच नजर पूर्वेकडच्या टोकाला लावली की दख्खनचा रस्ता दिसू लागतो. इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर नाईलच्या काठचे कोप्टोस आणि तांबड्या समुद्रावरची बेरेनिके व म्योस होर्मोस ही बंदरे यांच्यामधल्या वाळवंटी वाटांवर तटबंदीची ठाणी उभी राहिली. प्रत्येक ठाण्यात विहीर, हौद आणि मोजके सैनिक. कोप्टोसला सापडलेल्या इ.स. ९० च्या शिलालेखात या वाटेने जाणाऱ्यांवरची जकात दिली आहे: माणसांवर, जनावरांवर, जहाजाच्या डोलकाठीवरसुद्धा. पूर्वेच्या मालावर साम्राज्य पंचवीस टक्के कर घेई. केरळातल्या मुझिरिसहून आलेल्या एका जहाजाच्या मालाचा हिशेब दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर आहे, त्यातही हा चौथा हिस्सा येतो. अरबस्तानच्या नैर्ऋत्येच्या फरसान बेटांवर इ.स. १४४ च्या सुमाराचा लॅटिन शिलालेख सापडला आहे. दुसऱ्या ट्रायाना लिजनची एक तुकडी तिथे होती, असे तो सांगतो. रोमच्या सैन्याचे पाऊल भारताच्या दिशेने इतक्या जवळ आले. त्यापुढे सैन्य आले नाही, जहाजे आली. प्लिनी लिहितो की भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीने तिरंदाज बसवावे लागत. बेरेनिकेच्या देवळात भारतीय घडणीच्या माठात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी मिळाली, आणि अलीकडे तिथेच बुद्धाची संगमरवरी मूर्ती व संस्कृत-ग्रीक असा दुभाषी लेखही सापडला.

जहाजे जिथे लागत, तिथे दुसरी सरहद्द सुरू होत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पश्चिम किनाऱ्याची बारकाईने नोंद आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीक जाई, तेरहून कापड. पण कल्याणविषयी लिहिताना लेखकाचा सूर बदलतो. तो ज्याला ‘थोरला सरगन’ म्हणतो त्या राजाच्या काळात कल्याण राजमान्य बाजारपेठ होती. संदनेस नावाच्या दुसऱ्या शासकाकडे सत्ता आल्यावर मात्र तिथला व्यापार पुष्कळ रोखला गेला आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजेही पहाऱ्यात भडोचला नेली जात. ही ओळ व्यापाराच्या इतिहासात नेहमी उद्धृत होते, पण ती मुळात लष्करी सरहद्दीची नोंद आहे. बंदराची नाकेबंदी, सशस्त्र पहारा, मालाचे तोंड जबरदस्तीने एका राज्यातून दुसऱ्या राज्याकडे वळवणे: वाळवंटात रोमन ठाणी जे करीत होती, तेच इथे समुद्रावर चालले होते. सातवाहनांच्या मालाला वाट कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे पैठणची; ती तुटली की सगळा माल क्षत्रपांच्या भडोचकडे जाणार. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्याने आपल्या यज्ञांचा आणि दानांचा मोठा लेख कोरला, तो अशाच वाटेवर, हे लक्षात घ्यावे.

या सरहद्दीची सर्वांत जिवंत कागदपत्रे नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने, लेखांतल्या कालगणनेच्या ४१ ते ४५ या वर्षांत, दिलेल्या दानांचे लेख लेणे क्रमांक १० मध्ये आहेत. तो भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधतो. पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवतो. उत्तमभद्रांचा वेढा उठवण्यासाठी मालवांवर चालून जातो आणि नंतर पुष्करला स्नान करतो. दानलेख म्हणून हे वाचले तर ते पुण्यकर्म; सरहद्दीचा अभ्यासक म्हणून वाचले तर सैन्याच्या हालचालीला लागणाऱ्या नदीच्या उतारांची आणि मुक्कामांची ही यादी आहे. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी असू शकतात.

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी येतो. त्याच्या अठराव्या वर्षाचा लेख त्याच लेण्यांत, लेणे क्रमांक ३ मध्ये आहे. विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेली ही आज्ञा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला उद्देशून आहे: आजवर उषवदाताकडे असलेली शेतजमीन, दोनशे निवर्तने, भिक्षूंना द्यावी. लेखातल्या ‘वेजयंती’ या शब्दाने बनवासी सुचते की केवळ विजयी सेना, यावर विद्वानांत मतभेद आहेत. छावणी मात्र निर्विवाद आहे. जिंकणारा राजा मैदानावरून, तंबूतूनच, हरलेल्याची जमीन वाटून टाकतो आहे. जमिनीबरोबर सवलती येतात: राजाच्या माणसांनी तिथे शिरायचे नाही, कुणी हात लावायचा नाही, मीठ खणायचे नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. सरहद्दीवरच्या गावाला कोणत्या गोष्टींचा जाच होत असे, ते या सवलतींत नकारार्थी रूपाने लिहिलेले आहे. फौज गावात शिरते, म्हणूनच तर न शिरण्याचे अभयपत्र द्यावे लागते.

सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरी आज्ञा निघते. पूर्वी दिलेल्या गावातले शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही. म्हणून भिक्षूंना दुसरीकडे शंभर निवर्तने द्यावीत. भारताच्या प्राचीन लष्करी इतिहासात याहून लहान आणि याहून बोलके वाक्य क्वचितच सापडेल. एक गाव ओस पडले, नांगर थांबला, आणि राजाने ते मान्य केले. हेड्रियनच्या भिंतीच्या उत्तरेला बांधकामाच्या सुमारास काही शेतवस्त्या उठल्या, हे तिथल्या पुरातत्त्वज्ञांना खड्डे, खांबांच्या खुणा आणि कोळसा तपासून कळले. इथे तेच राजाच्या अमात्याने लिहून ठेवले आहे, फक्त फावडे अजून तिथे पोहोचलेले नाही.

तिसरा पुरावा जमिनीतून आला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलथेंबी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांतले लेख असत. त्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा तीन शिखरांचा डोंगर आणि उज्जैनी चिन्ह उमटले. इ.स. १३२ ते १३५ दरम्यान ज्यूडियात रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाच्या बंडखोरांनीही रोमन नाण्यांवर आपले ठसे मारले होते. चांदी वितळवून नवी नाणी पाडायला वेळ आणि टांकसाळ दोन्ही लागतात. ठसा मारायला हातोडा पुरतो. शिवाय जुन्या राजाचा चेहरा ठशाखालून थोडा दिसत राहतो, आणि हरलेला कोण हे प्रत्येक हाताला कळते. साठ्यात ठसा न मारलेली नाणीही आहेत, यावरून हे काम सुरू असताना किंवा अर्ध्यावर साठा पुरला गेला असावा, असा तर्क काही अभ्यासक करतात.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवलेल्या प्रशस्तीत त्याच्या विजयांची यादी येते. क्षहरातांचा निर्वंश, शक-यवन-पल्हवांचा नाश, आणि सौराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती अशा प्रदेशांची नावे. ती यादी फार काळ टिकली नाही. इ.स. १५० च्या गिरनार लेखात कार्दमक क्षत्रप रुद्रदामा सांगतो की त्याने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची कन्या असल्याचा उल्लेख आहे. लग्न आणि लढाई दोन्ही त्याच सरहद्दीवर झाली. रोमच्या डॅन्यूबवरही टोळ्यांशी तह आणि वर्षासने, तसेच लढाया एकाआड एक चालत. दख्खनमध्ये त्यात सोयरिकीची भर पडली.

ही सरहद्द केवळ पश्चिम घाटापुरती नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला वैनगंगेच्या काठी मातीचा तट आणि खंदक आहेत. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झाले. त्याच पवनीत महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा छायास्तंभ मिळाला, म्हणजे क्षत्रपांचा हात विदर्भापर्यंत पोहोचला होता. नागपूर जिल्ह्यातल्या अडम येथे तट आणि खंदक यांच्या आत वेगवेगळ्या काळांचे थर नीट उलगडले गेले. दक्षिणेकडे, आजच्या आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या म्याकडोनीच्या लेखात सातवाहन राज्याची घडी दिसते: महासेनापती खंदनाग याचा जनपद, आणि त्यात गुल्मिक कुमारदत्ताचे गाव. गुल्म म्हणजे लष्करी ठाणे. त्याचा प्रमुख गावाचाही धनी आहे. सैनिक, जमीन आणि महसूल एकाच हातात देण्याची ही व्यवस्था सरहद्दीच्या प्रदेशात उपजते, आणि केंद्र ढिले झाले की तोच हात स्वतंत्र होतो. सातवाहनांच्या शेवटी ठिकठिकाणी नवे राजे दिसतात, त्यामागे हे एक कारण असणार.

कोल्हापूर या कथेत शिरते ते अशाच एका स्थानिक सत्तेच्या नाण्यांतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात आणि परिसरात शिसे व पोटीनची नाणी मोठ्या संख्येने मिळाली. त्यांवर धनुष्य-बाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि कुंपणातले झाड, आणि वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर अशी तीन नावे. शिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर ठसे मारले आहेत, आणि तिसऱ्याने दोघांच्याही. जोगलथेंबीत विजेता आणि पराभूत यांचे नाते पुनर्ठशांतून कळते. इथे त्याच खुणेतून राजांचा क्रम लागतो. नावाशेवटी ‘कुर’ असलेले हे राजे सातवाहनांचे मांडलिक होते, आप्त होते की स्वतंत्र, यावर वाद आहे. पण त्यांची नाणी प्रामुख्याने कोल्हापूर भागातच सापडतात, आणि लहान सत्तेची सरहद्द आखायला यापेक्षा चांगले साधन नाही.

याच नावाचा प्रतिध्वनी अलेक्झांड्रियात उमटला. इ.स. १५० च्या आसपास टॉलेमीने आपल्या भूगोलग्रंथात उज्जैन ही तियास्तनेसची, पैठण ही सिरी पोलेमायोसची आणि हिप्पोकूरा ही बलेओकूरोसची राजधानी म्हणून दिली. तियास्तनेस म्हणजे क्षत्रप चष्टन, पोलेमायोस म्हणजे पुळुमावी, आणि बलेओकूरोस म्हणजे विळिवायकुर, हे बहुतेकांना मान्य आहे. हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूर का, हे मात्र ठरलेले नाही. इतर जागाही सुचवल्या गेल्या आहेत. काही असो, जगाचा नकाशा काढणाऱ्याने दख्खनमधल्या तीन सत्तांची केंद्रे शेजारीशेजारी नोंदवली, आणि त्यातली एक पंचगंगेच्या खोऱ्याशी जोडता येते. या खोऱ्याचे भौगोलिक स्थान पाहिले तर नवल वाटत नाही. कोकणातून आंबा, फोंडा, गगनबावडा अशा वाटांनी वर आलेला माल इथून कऱ्हाडकडे, पैठणकडे आणि दक्षिणेला बनवासीकडे जाऊ शकतो. भारहुतच्या दानलेखांत कऱ्हाडचे दाते आहेत. जोतिबाजवळच्या पोहाळे लेण्यांवरून भिक्षूंचा आणि व्यापाऱ्यांचा वावर कळतो.

आजच्या कोल्हापूरच्या नकाशात हे प्राचीन गाव पटकन सापडत नाही. मंगळवार पेठ, रविवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे पुष्कळ नंतरच्या शहराची, करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून इथे आल्यानंतर वाढलेल्या वस्तीची. दक्षिण अंगाच्या मंगळवार पेठेतून महाद्वार रोडने गंगावेशीकडे आणि पुढे पंचगंगा घाटाकडे गेले की नदीच्या वळणावरची ब्रह्मपुरीची उंचवट्याची जागा लागते. सातवाहनकाळचे कोल्हापूर तिथे होते. मधली दोन किलोमीटरची चाल म्हणजे जवळजवळ सतराशे वर्षांचे अंतर.

१९४४ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदनगार यांना ब्रह्मपुरीत धातूच्या वस्तूंचा एक मोठा संच मिळाला. त्यातल्या मोजक्याच वस्तू परदेशी होत्या, पण त्यांनी जगाचे लक्ष वेधले: समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती, आरसा, नक्षीदार सुरई. मूर्ती वीतभरही नाही, पण तिचा डौल ग्रीक शिल्पकार लिसिपसच्या परंपरेतला आहे. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीत शास्त्रशुद्ध उत्खनन केले; अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. विटांची घरे, मडकी, मणी, नाणी यांसह सातवाहनकाळचा थर आणि त्याच्यावर बहामनीकाळचा थर त्यांना दिसला. मूर्तीला प्रसिद्धी मिळाली, अहवालाला मिळाली नाही. पण मोलाचा ऐवज अहवालच आहे, कारण मूर्ती एकटी फक्त ‘आली’ एवढेच सांगते; ती कुणाच्या घरात, कोणत्या मडक्यांबरोबर, कोणत्या नाण्यांच्या काळात होती, हे थरच सांगतात.

इथे रोमची सरहद्द पुन्हा आणि अगदी प्रत्यक्ष येते. सांकलिया १९३०च्या दशकात लंडनला शिकत असताना मेडन कॅसल या डोंगरी किल्ल्याच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली काम करून आले होते. व्हीलर यांची घडण रोमन ब्रिटनमध्ये झाली. वेल्समधले सेगॉन्टियम आणि ब्रेकन गाएर हे रोमन सरहद्दीचे किल्ले त्यांनी १९२०च्या दशकात खणले. थर न मिसळता, चौकोन पाडून, उभे काप राखून खणण्याची त्यांची शिस्त अशाच जागांवर तयार झाली. १९४४ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि १९४५ मध्ये त्यांनी पुदुच्चेरीजवळचे अरिकमेडू खणले. तिथे इटलीतल्या अरेझोच्या तांबड्या, चकचकीत भांड्यांचे तुकडे मिळाले. त्या भांड्यांचे साल ठरते ते जर्मनीतल्या छावण्यांवरून. लिप्पे नदीवरची हाल्टर्न ही छावणी ट्यूटोबर्गच्या पराभवानंतर, इ.स. ९ च्या सुमारास, सोडली गेली. तिथे जे भांडे आहे ते त्यापूर्वीचे. म्हणून अरिकमेडूचा थर पहिल्या शतकाचा, त्याच थरातली चक्रांकित भारतीय भांडी पहिल्या शतकाची, आणि तीच भांडी दख्खनमध्ये जिथे सापडतील त्या थरालाही काळ मिळतो. जर्मनीतल्या एका सोडून दिलेल्या छावणीची तारीख अशा साखळीने दख्खनच्या सातवाहन थरांपर्यंत येते.

साखळी म्हटली की तिची प्रत्येक कडी तपासावी लागते. विमला बेगली यांनी अरिकमेडूची वस्ती आणि चक्रांकित भांडी व्हीलर मानत होते त्याहून जुनी असल्याचे दाखवले. महाराष्ट्रात ‘रोमन मद्यकुंभ’ म्हणून नोंदलेले कितीतरी तुकडे रॉबर्टा टोंबर यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांतले बरेच मेसोपोटेमियातले निघाले. म्हणजे इराणच्या आखाताकडून, पार्थियन आणि सासानी प्रदेशातून येणारा व्यापारही मोठा होता. रोमची सरहद्द युफ्रेटिसवर संपत होती आणि तिच्या पलीकडचे जगही दख्खनशी व्यवहार करीत होते, हे विसरून ब्रह्मपुरीच्या प्रत्येक परदेशी वस्तूवर ‘रोमन’ अशी चिठ्ठी लावणे हा जुना दोष आहे. पोसायडनचेही तसेच. तो इटलीत घडला, अलेक्झांड्रियात की आणखी कुठे. तो व्यापारी माल होता, भेट होती की मोडीचे ब्राँझ म्हणून जपलेला, यांतले काहीच मूर्ती स्वतः सांगत नाही. काळ्या-तांबड्या मडक्यांच्या घरात तो इतर भारतीय धातुकामाबरोबर होता, एवढे निश्चित.

दख्खनच्या सरहद्दीचा अभ्यास अजून बराचसा लेखांचा आणि नाण्यांचा अभ्यास आहे, फावड्याचा नाही. रोमन सरहद्दीवर शंभर वर्षे दरवाजे, विहिरी, स्वयंपाकाची हाडके-कोळसे आणि पागा खणल्या गेल्या; इथे नाशिकच्या गोवर्धन परिसरातली छावणी कुठे होती, ओस पडलेले ते गाव कोणते, कल्याणच्या पहाऱ्याची जागा कोणती, हे प्रश्न जमिनीला विचारलेच गेलेले नाहीत. सह्याद्रीच्या घाटवाटांवरची टाकी, जोत्यांचे अवशेष आणि खापरे यांची नोंद होऊ लागली, तर प्वादबार यांनी सीरियात विमानातून जे केले ते इथे पायी करता येईल. कुर राजांच्या नाण्यांची प्रत्येक सापडजागा नकाशावर मांडली, तर या लहान राज्याची हद्द आणि तिच्या वाटा दोन्ही उजेडात येतील. विळिवायकुराच्या काळनिर्णयालाही त्याने मदत होईल, कारण टॉलेमीची माहिती सगळीच त्याच्या काळची नव्हती. तिचा मोठा भाग टायरच्या मारिनसकडून घेतलेला होता, आणि चष्टन, पुळुमावी व विळिवायकुर ही तिन्ही नावे एकाच वेळची आहेत की वेगवेगळ्या वेळच्या बातम्या एकत्र आल्या आहेत, हे ब्रह्मपुरीसारख्या थरांतून मिळणाऱ्या नाण्यांवरच ठरवता येईल.